पत्र्याच्या पिंपाचा स्मोकर घरी बनवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, डिचोलीला आमच्या परसात माडाखाली एक काळं पिंप उभं आहे. येणारा पाहुणा आधी त्यातल्या बांगड्यांचा वास घेतो आणि मग प्रश्न सुरू करतो. गेल्या काही वर्षांत हे प्रश्न जवळपास तेच राहिले, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. जिथे जिवाला किंवा पोटाला धोका आहे तिथे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे. तो भाग कृपया गाळू नका.

शेगडीवर भाजणं आणि स्मोकर, फरक काय?

शेगडीवर निखारा पदार्थाच्या वितभर खाली असतो. आच थेट लागते, दहा मिनिटांत मासा तयार. स्मोकरमध्ये निखारे खाली दूर असतात, त्यांना हवा मोजून दिलेली असते आणि वर झाकण असतं. आतलं तापमान १०५ ते १३५ अंश सेल्सिअसच्या मध्ये धरून ठेवायचं आणि त्या गरम धुरात पदार्थ तासन् तास सावकाश शिजू द्यायचा, एवढंच तंत्र.

धुराची ही चव आपल्याला नवी नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा उन्हात वाळवून चुलीवर टांगलेल्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तो धूर कोमट असतो आणि मांस टिकवण्यासाठी असतो. पिंपातला धूर गरम असतो आणि पदार्थ त्यात पूर्ण शिजतो.

जमैकात पिंप उभं चिरून, आडवं ठेवून त्यावर जर्क चिकन भाजतात. ते दिसायला याच जातीचं वाटलं तरी ती भाजणीची शेगडी आहे. इथे सांगतो ते उभ्या पिंपाचं. अमेरिकेतले हौशी लोक त्याला ‘अग्ली ड्रम स्मोकर’ म्हणतात, म्हणजे कुरूप पिंप. आमच्या पिंपाला मी कुरूप म्हणत नाही.

पिंप कोणतं घ्यायचं?

२०० लिटरचं, साध्या पोलादी पत्र्याचं, उघड्या तोंडाचं. उघड्या तोंडाचं म्हणजे ज्याचं वरचं पूर्ण झाकण निघतं आणि कड्याने आवळून बसतं. त्याचा आतला व्यास साधारण ५७ से.मी. आणि उंची ८८ से.मी. असते. पुढची सगळी मापं यावरूनच दिली आहेत.

दुसरा प्रकार बंद तोंडाचा. वर फक्त दोन बुचं असतात, एक २ इंची आणि एक पाऊण इंची. तेही चालतं, पण कापावं लागतं आणि कापण्यातच खरा धोका आहे. त्याबद्दल खाली.

नवं, आतून लेप नसलेलं पिंप मिळालं तर डोळे झाकून तेच घ्या. भंगारातल्या पिंपापेक्षा महाग पडेल, पण जाळणं, खरवडणं आणि मनातली शंका हे तिन्ही वाचतं. जुनंच घ्यायचं असेल तर ज्यात खाण्याची वस्तू होती असं घ्या: खाद्यतेल, मध, ग्लुकोज सिरप, फळांचा पल्प. आंब्याचा पल्प बहुधा निर्जंतुक पिशवीत भरून ती पिशवी पिंपात ठेवतात, त्यामुळे पत्र्याला रस लागलेलाच नसतो. असं पिंप हाती लागलं तर सोनं.

आत आधी काय होतं हे कसं ओळखायचं?

लेबल शाबूत असेल तर वाचा. लाल चौकोनातली ज्वाळा, कवटी, हातावर सांडणारं आम्ल, मेलेला मासा, यातलं कुठलंही चिन्ह असेल तर पिंप जागेवर सोडा. लेबल खरवडून काढलं असेल तर मी ते विकत घेत नाही, कितीही स्वस्त असो.

भंगारवाल्याला विचारताना एका प्रश्नावर थांबू नका. माझं पहिलं पिंप असंच आलं.

‘भाऊ, ह्यात काय होतं?’

‘तेल होतं.’

मी समाधानाने घरी आणलं. ‘कसलं तेल?’ हे विचारायला हवं होतं. उन्हात दोन दिवस ठेवल्यावर त्यातून थिनरचा वास यायला लागला. ते मी वापरलं नाही, परत भंगारात दिलं आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरात ‘थिनर’ लिहिलं, म्हणजे पुढचा माणूस फसायला नको. कीटकनाशक, थिनर, रंग, ॲसिड, बॅटरीचं पाणी, डांबर, वापरलेलं इंजिन ऑइल, यातलं काहीही असेल तर कितीही जाळलं तरी ते पिंप अन्नासाठी लायक होत नाही.

गोव्यासाठी आणखी एक. काजूच्या बियांवर प्रक्रिया करणारे कारखाने इथे आहेत आणि टरफलांचं काळपट तेलही पिंपांतच भरलं जातं. ‘काजूचं तेल’ ऐकून खाण्याचं समजू नका. कच्च्या बिया सोलताना हात उततात ते याच तेलाने. असं पिंप नको.

प्लास्टिकचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप चालेल का?

प्लास्टिकचा प्रश्नच नाही. जस्ताचा मुलामाही नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि निखाऱ्याशेजारचा पत्रा त्याहून गरम होऊ शकतो. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत असतो. कोळशाची टोपली आणि आतली जाळी यांनाही हाच नियम.

आतला लेप कसा काढायचा?

आधी लेप आहे का ते बघा. आतून करडा, उघडा पत्रा दिसला तर लेप नाही, फक्त गंज लागू नये म्हणून पुसलेलं तेल असेल. लालसर, तपकिरी किंवा सोनेरी चमक दिसली तर तो इपॉक्सी किंवा फिनॉलिकचा लेप. तो अन्नाला लागून धुमसता कामा नये.

काढायची रीत एकच, पिंपात लाकडांचा मोठा जाळ. तळाशी हवेची भोकं आधी पाडून घ्या, सुकं लाकूड भरा आणि दोन-तीन तास सतत भडका राहील इतकं जाळा. पत्रा आतून मातकट करडा झाला आणि बाहेरचा रंग पापुद्रे होऊन सुटला, की थंड झाल्यावर ग्राइंडरला तारांचा ब्रश लावून घासा. गॉगल आणि चांगला मास्क दोन्ही हवेत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासून झालं की ओल्या फडक्याने दोनदा पुसा, कारण ब्रशची तुटलेली बारीक तार मांसात गेली तर घशात रुतते.

हा जाळ घरांच्या मध्ये करायचा नाही. धूर उग्र आणि घातक असतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तर मोकळ्या रानाजवळही नको. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि गोव्यातल्या इतर डोंगरांवर वणवे पेटले होते. काजूच्या बागांतली सुकी पानं किती पटकन पेटतात हे सत्तरी तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन अजून ओलसर असताना हे काम उरकावं. फिनॉलिकचा लेप तर एका जाळाने जात नाहीच. म्हणून पुन्हा सांगतो, लेप नसलेलंच पिंप शोधा.

बंद तोंडाचं पिंप कसं कापायचं?

रिकामं दिसणारं बंद पिंप रिकामं नसतं. तळाशी चमचाभर ज्वलनशील द्रव राहिला तरी त्याची वाफ पूर्ण पिंप भरते, आणि ग्राइंडरची किंवा गॅस कटरची एक ठिणगी पुरते. अशा स्फोटात झाकण उडून माणसं मेलेली आहेत. खाद्यतेलाच्या पिंपालाही हा नियम लागू आहे, कारण कटरच्या उष्णतेने तेलाच्या साक्यातून पेट घेणारी वाफ तयार होते.

दोन्ही बुचं काढा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, उन्हात उघडं ठेवा. मग कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा आणि छिन्नी-हातोड्याने किंवा हाताच्या पत्रा-कात्रीने कापा. ठिणगी उडवणारं हत्यार शक्यतो नकोच. फॅब्रिकेशनवाल्याकडे देणार असाल तर आत काय होतं ते त्याला खरंखरं सांगा. त्याचा जीव तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हवेची भोकं किती, कुठे?

पिंप चांगलं की वाईट हे इथे ठरतं. कोळसा किती घातला यावर तापमान ठरत नाही, हवा किती आत येते यावर ठरतं. टोपली काठोकाठ भरली आणि हवा बोटभर भोकातून दिली, तर पिंप ११० वर तासन् तास राहील. अर्धीच टोपली भरून झाकण किलकिलं ठेवलं, तर २०० च्या वर जाईल.

तळापासून ५ से.मी. वर, चारही दिशांना एकेक, अशी चार भोकं पाडा. पाऊण इंची पाइपाचं निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा) घट्ट बसेल इतकी, म्हणजे सुमारे २७ मि.मी. होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) नसेल तर स्टेप ड्रिलनेही होतं. आतून-बाहेरून चेकनट आवळा. तीन निपलांना टोप्या लावा, चौथ्याला बॉल व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह अर्धा, पाव, केसभर असा फिरवता येतो आणि बारीक नियंत्रण त्याच्यावरच चालतं. वाकण्याचा त्रास असेल तर त्याला बाहेरून एल्बो लावून पाइप कमरेपर्यंत वर आणा. माझ्या वडिलांसाठी मी तसंच केलं आहे, ते खुर्चीवर बसून व्हॉल्व्ह सांभाळतात.

निपलं बाहेरच्या हवेने थंड राहतात, त्यामुळे तिथे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, वापरणारे बरेच आहेत. मी पितळी वापरली. शंका राहत नाही आणि आपल्या खाऱ्या हवेत टिकतातही.

पिंपाची बाकी सगळी फट बुजवा. पत्र्याचा जोड, बोल्टाची भोकं, झाकणाची कड, जिथून हवा शिरेल तिथून तापमान हातातून निसटेल. अंधारात आत टॉर्च ठेवून बाहेरून बघितलं की चोर भोकं दिसतात.

धूर बाहेर जायला?

झाकणावर २ इंची एक भोक, किंवा अर्ध्या इंची आठ भोकं. बंद तोंडाच्या पिंपाचं वरचं गोल झाकण म्हणून वापरत असाल तर मोठ्या बुचाचं भोक तयारच आहे. हे भोक कायम पूर्ण उघडं ठेवा. आच कमी करायला इथे बूच मारलं की धूर आत कोंडतो आणि पदार्थ डांबरासारखा कडवट होतो.

कोळशाची टोपली कशी?

एक्सपांडेड मेटलच्या (पत्रा चिरून-ताणून केलेल्या) जाळीची, गोल, ३८-४० से.मी. व्यासाची, २२ से.मी. उंच. खाली ८ से.मी. उंचीचे पाय, म्हणजे राख तळाशी पडेल आणि भोकं बुजणार नाहीत. जाळी जाड घ्या, पातळ जाळी एका हंगामात जळून जाते. उचलायला वर कडी हवी.

जाळी किती उंचीवर?

तोंडापासून १८ से.मी. खाली. टोपलीच्या तळापासून हे अंतर ६० से.मी.च्या थोडं वर जातं आणि एवढं हवंच. चार स्टेनलेस बोल्ट आतल्या बाजूला काढून त्यावर जाळी टेकवा. बांगडे किंवा पापलेट करायचे असतील तर १५ से.मी. खाली आणखी चार बोल्ट लावा, दोन मजले होतात. जाळी एसएस ३०४ ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची असावी. जुन्या फ्रिजची जाळी वापरू नका, तिच्यावर कॅडमियमचा किंवा प्लास्टिकचा थर असू शकतो.

थर्मामीटर लागतोच का? हाताने अंदाज येत नाही का?

लागतो. दोन लागतात. एक डायलचा, जाळीच्या उंचीला पत्र्यात बसवलेला. तो कडेचं तापमान दाखवतो, मधलं वेगळं असतं. दुसरा टोचायचा, मांसाच्या आतलं मोजण्यासाठी. पिंपाच्या खर्चात कुठे काटकसर करायची असेल तर रंगात करा, टोचायच्या थर्मामीटरमध्ये नको.

तपासायला सोपं आहे. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे उकळत्या पाण्यात काटा १०० ला यायलाच हवा. ९४ दाखवत असेल तर सहा अंश कमी दाखवतो हे लक्षात ठेवा किंवा मागचा नट फिरवून जुळवून घ्या.

पिंप कशावर ठेवायचं?

तीन चिऱ्यांवर. फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर थेट ठेवलं तर उष्णतेने तडा जातो. तळाखालून वारा खेळला की पत्राही लवकर सडत नाही.

आतून तेल कुठलं लावायचं? खोबरेल चालेल ना?

घरात खोबरेल असतंच, म्हणून सगळे तेच लावतात. पण खोबरेल सुकणारं तेल नाही. त्याचा पत्र्यावर कडक पापुद्रा बनत नाही, चिकट राहतं आणि ओल धरतं. सूर्यफुलाचं, सोयाबीनचं किंवा जवसाचं लावा. कापडाने अगदी पातळ पुसा, मग पिंप १५० अंशांवर दोन तास चालू ठेवा. दोन-तीनदा केलं की आतला पत्रा काळा, कोरडा, बिडाच्या तव्यासारखा होतो. निखारे पडतात त्या तळाला मात्र हा थर टिकत नाही.

बाहेरचा रंग?

उष्णता सोसणारा, ६०० अंशांपर्यंतचा. साधा ऑइल पेंट पहिल्याच दिवशी फुगून सुटतो आणि घाण वास येतो.

लाकूड कुठलं वापरायचं?

आच कोळशाची, चव लाकडाची. मुठीएवढे चार-पाच सुके तुकडे पुरतात, ते कोळशात मध्ये मध्ये पेरायचे.

माझी पहिली पसंती पेरू. धूर गोडसर, माशाला आणि कोंबडीला दोन्हीला जमतो. चिकूचं लाकूडही तसंच. आंबा चांगला, पण किमान सहा महिने वाळलेला. पावसात मोडून पडलेली फांदी त्याच दिवाळीला जाळायची नाही. चिंच जोरदार, मोठ्या मांसाच्या तुकड्याला ठीक, बांगड्याला जास्त होते. फणस मी दोनदाच वापरला, सौम्य वाटला.

काजूची टरफलं कधीच नाही. हात उतवणारं तेल धुरातून डोळ्यांत, घशात आणि अन्नावर येतं. काजूचं लाकूड मी टाळतो, पेरू असताना त्याची गरजही पडत नाही. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, झाड पूर्ण विषारी आहे. नारळाची ओली सोडणं नकोत, नुसता पांढरा धूर होतो. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड सुंदर दिसतं, पण त्यात मीठ मुरलेलं असतं आणि ते जाळल्यावर विषारी वायू निघतात. प्लायवूड, पॉलिश केलेलं, रंगवलेलं लाकूड नको. गोदामातल्या पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं, पण त्यावर वाटेत काय सांडलं ते कोण सांगणार?

कोळसा?

बाभळीचा किंवा तत्सम जड लाकडाचा, मोठ्या तुकड्यांचा. करवंटीचा कोळसा स्वच्छ आणि कडक जळतो, आपल्याकडे मिळतोही, पण त्याचे चपटे तुकडे एकमेकांवर बसून हवा अडवतात. मी तीन भाग लाकडी कोळशात एक भाग करवंटी मिसळतो. अशा ४ किलोंवर आमचं पिंप सहा-सात तास जातं.

पेटवायचं कसं?

टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरा, मधोमध खळगा करा. वेगळ्या डब्यात दहा-बारा तुकडे लाल करून त्या खळग्यात ओता. आग मधून बाहेर सावकाश सरकत जाते. जिम मिनियन या अमेरिकन माणसाने ही रीत लोकांपर्यंत नेली, म्हणून तिला मिनियन पद्धत म्हणतात. पेटवायला सुकी चुडतं (माडाच्या झावळ्या) आणि सोडणाचा काथ्या उत्तम. रॉकेल किंवा पेट्रोल नको, वास अन्नात उतरतो आणि पेट्रोलने तोंड भाजतं.

चारही भोकं उघडी ठेवून झाकण लावा. काटा ९० वर आला की दोन टोप्या बंद करा. १०० ला तिसरी. पुढे फक्त व्हॉल्व्ह. तापमान चढतानाच पकडायचं. एकदा १६० झालं की उतरवायला तास जातो, कारण तेवढे कोळसे पेटलेले असतात आणि पत्राही तापलेला असतो.

धूर पांढरा आणि दाट येतोय, बरोबर आहे का?

नाही. आग नीट धरलेली नाही किंवा लाकूड ओलं आहे. थांबा. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मगच पदार्थ आत ठेवा. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. या अर्ध्या तासाची घाई हेच कडवट चिकनचं सगळ्यात नेहमीचं कारण.

काय काय करता येतं आणि किती वेळ?

बांगडा. गोव्यात पिंप घेऊन बांगडा करायचा नाही तर काय करायचं! पोट साफ करून, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून त्यात अर्धा तास ठेवा. मग पुसून पंख्याखाली तासभर. कातडी हाताला किंचित चिकट लागली पाहिजे, धूर तिलाच धरतो. ११० अंशांवर पाऊण ते एक तास, आत ६३ अंश. रेशादचा मसाला भरायचा तर कमी भरा, मसाल्याखाली धूर दबतो. मी पोटात फक्त दोन तिरफळं आणि एक आमसूल ठेवतो, सोबत सोलकढी.

इसवणीच्या (सुरमईच्या) जाड तुकड्यांना तेवढाच वेळ. सुंगटं (कोळंबी) २०-२५ मिनिटांत होतात, जास्त ठेवली की रबर.

कोंबडी. पाठीकडून चिरून सपाट केलेली, सव्वा किलोची, १३० अंशांवर दोन तासांच्या आत-बाहेर. मांडीच्या सांध्यात ७४ अंश यायलाच हवेत, तिथे तडजोड नाही. काफ्रियालचं हिरवं वाटण रात्रभर लावून ठेवलं तर धूर आणि मिरी-आलं-कोथिंबीर यांचं फार छान जमतं.

डुकराच्या खांद्याचा २ किलोचा तुकडा. शेजारी आमच्या पिंपात दर नाताळला करतात. १२० अंशांवर सहा ते आठ तास, आत ९३ अंश, मग बोटांनी सुटतो. मध्ये ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काटा तास-दोन तास हलतच नाही. घाबरून कोळसा वाढवू नका. मांसातलं पाणी बाष्प होऊन उडतं आणि घाम येऊन अंग गार व्हावं तसं मांस थंड ठेवतं. पाणी आटलं की काटा पुन्हा चढतो. घाई असेल तर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. कापल्यावर कडेला गुलाबी कडं दिसतं, ते कच्चेपण नव्हे. धुरातल्या वायूंची मांसातल्या रंगद्रव्याशी क्रिया होऊन ते बनतं.

चोरीस कच्च्या मांसाचे असतात. धूर आधीच लागलेला आहे म्हणून शिजलेले समजू नका, आत ७१ अंश हवेत.

आम्ही शाकाहारी. आम्हाला उपयोग?

भरपूर. नीरफणसाच्या जाड फोडी, रताळी, तांबडा भोपळा, मक्याची कणसं, पनीर. सगळ्यात छान वांगी: अख्खी, दोन तास, मग सोलून भरीत. नारळाचं दूध पसरट भांड्यात घालून अर्धा तास धुरात ठेवलं आणि त्याची सोलकढी केली, हे आमच्या घरी श्रावणातलं आवडतं. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, मागोमाग श्रावण, चवथ (गणेश चतुर्थी). त्या दिवसांत पिंप बंद ठेवायची गरज नाही, फक्त जाळी घासून-धुऊन घ्या.

फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवू का?

नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बाल्कनी, गॅरेज, पत्र्याची बंद शेड, कुठेच नको. पाऊस आला म्हणून जळतं पिंप पडवीत ओढून आणणंही नको. उघडं अंगण, भिंतीपासून ३ मीटर दूर, जवळ पाण्याची बादली.

झाकण उघडताना एकदम भडका उडाला, का?

आत हवेला भुकेले निखारे आणि टपकलेली चरबी. झाकण एकदम काढलं की दोघांनाही हवा मिळते. आधी बोटभर उचला, तोंड बाजूला ठेवा, दहा आकडे मोजा, मग काढा. आणि सारखं उघडून बघू नका, प्रत्येक वेळी आग वाढते.

काम झाल्यावर?

सगळ्या टोप्या, व्हॉल्व्ह आणि वरचं भोकसुद्धा बंद. वरचं भोक बंद करायची ही एकच वेळ. तासा-दोन तासांत आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. पाणी ओतू नका, पत्रा वाकतो आणि वाफेने हात भाजतो.

गोव्याच्या पावसात पिंप किती टिकतं?

वर्षाला साधारण ३००० मि.मी. पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, वर खारी हवा. पिंप वरून नाही, तळाकडून जातं. कारण राख. राख हवेतली ओल शोषते, त्यातला क्षार ओला होतो आणि पत्रा खातो. आमच्या पहिल्या चांगल्या पिंपाचा तळ तिसऱ्या पावसाळ्यात बोट घुसेल इतका मऊ झाला होता. कड मात्र ठणठणीत होती, म्हणून वेल्डरदादांकडून ३ मि.मी. जाड पत्र्याचा नवा तळ बसवून घेतला. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्रा गार झाला की राख काढतोच. ती राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवतो, मग माडांच्या आळ्यात.

मे संपायच्या आत एकदा पूर्ण रिकामं करा, कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा, जाळी आणि टोपली घरात घ्या. पिंपावर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो. वरून सुटं टोपर आणि एक बाजू वाऱ्याला मोकळी. आम्ही विणलेल्या चुडतांचं छप्पर घालतो. चवथ झाली की ते काढायचं, पिंपात चुडतांचा छोटा जाळ करून ओल घालवायची आणि पुन्हा एकदा पातळ तेल.